मुतखडा काढताना पेशंटला पालथं झोपवायचं की उताणं? दोन डॉक्टर, दोन मतं

शरयू_क

नमस्कार मंडळी, बाबांचं (वय ६३) मुतखड्याचं ऑपरेशन ठरतंय त्याबद्दल विचारायचंय. उजव्या किडनीत २८ मिमीचा खडा आहे आणि खालच्या कप्प्यात अजून एक छोटा. पीसीएनएल करायचं यावर दोन्ही डॉक्टरांचं एकमत आहे, म्हणजे बाहेरून भोक पाडून थेट किडनीत दुर्बीण घालायची आणि खडा फोडून काढायचा. अडलंय ते भलत्याच गोष्टीवर. पहिले डॉक्टर म्हणाले पालथं झोपवून करणार, तेही बोलता बोलता सांगून टाकलं, आम्हीही काही विचारलं नाही. सेकंड ओपिनियनला गेलो तर ते म्हणाले मी उताणंच करतो, त्यात यांचं वजन जास्त, झोपेत श्वास अडकतो (बाबा रात्री मशीन लावून झोपतात), यांना मी पालथं घालणार नाही.

बाबा म्हणतात कसंही झोपवा, भूल दिल्यावर मला काय कळणारे. आई मात्र घाबरलीये, तिच्या डोक्यात पक्कं बसलंय की पालथं घातलं की जीव गुदमरणार. आणि माझा प्रश्न अगदी बाळबोध आहे, पाठीकडून भोक पाडायचं तर माणूस उताणा असताना पाठीपर्यंत पोचतात कसे?? शिवाय खडा पूर्ण निघण्यावर याचा खरंच काही परिणाम होतो का, की ज्याची त्याची सवय? कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज, गूगल करून करून डोकं उठलंय.

खडेमास्तर

मी डॉक्टर नाही, फक्त खडे तयार करणारा कारखाना आहे, त्यामुळे तेवढंच वजन द्या. उताणं म्हणजे गादीवर पाठ टेकून पडतो तसं सपाट नसतं. ज्या बाजूची किडनी त्या बाजूची कूस खाली उशी नाहीतर पिशवी घालून उचलून धरतात आणि भोक पाठीच्या मध्यावर नाही, बरगड्यांच्या खाली कुशीकडून पडतं. किडनी काही पाठीच्या कातडीला चिकटून नसते, कुशीतून आडवं गेलं तरी तिथेच पोचतं.

माझं पीसीएनएल नव्हतं, आरआयआरएस झालं, म्हणजे भोक वगैरे नाही, लघवीच्या वाटेने बारीक वाकणारी दुर्बीण वर किडनीपर्यंत नेतात आणि लेझरने खड्याचा चुरा करतात. तर त्यातसुद्धा झोपवण्याची भानगड आहेच. माझा खडा खालच्या कप्प्यात होता आणि डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की टेबल डोक्याकडून खाली करणार आणि दुसऱ्या बाजूला कलवणार, म्हणजे खडा घरंगळून वरच्या कप्प्याकडे आला तर बरं, तिथे दुर्बीण सरळ जाते, खालच्या कप्प्यात पार वाकवून धरावी लागते आणि तशी वाकवली की लेझरची तार आत सरकत नाही नीट आणि दुर्बीणही लवकर बिघडते. पट्ट्याने बांधलेलं होतं म्हणून टेबलावरून मी नाही घरंगळलो.

शरयू_क

@खडेमास्तर आभार, हे कुशीचं आता डोळ्यासमोर आलं. म्हणजे खड्याला गुरुत्वाकर्षण लागू आहे हे विसरले होते मी 😄

भूलचूक

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे आईंच्या भीतीबद्दल मी बोलतो, खड्याचं सर्जन लोक सांगतील.

पालथं घातलं की गुदमरतं हे सरसकट खरं नाही. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी असते, श्वास मशीन देतं, नाक तोंड उशीत दाबलं गेलं असा प्रकारच नसतो. उलट छातीखाली आणि कमरेच्या हाडाखाली आडव्या गाद्या घालून पोट मधे मोकळं लोंबत ठेवलं तर पालथ्या माणसाची फुप्फुसं बऱ्याचदा जास्त चांगली चालतात, कोविडमध्ये पेशंटना पालथं का झोपवत होते ते आठवा. गडबड होते ती पोट दाबलं गेलं तर. मग छाती आणि पोटामधला पडदा वर सरकतो, मशीनला हवा ढकलायला जोर लागतो, पोटातली मोठी शीर दबून हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि बीपी खाली येतं. सडपातळ माणसाचं पोट मोकळं ठेवणं सोपं असतं. सुटलेलं पोट असलं की गाद्या कितीही उंच करा, ते टेबलाला टेकतंच.

दुसरं म्हणजे वळवणं. पीसीएनएल पालथं करायचं तर बहुतेक ठिकाणी आधी उताणं ठेवून भूल देतात, मग पाय वर बांधून लघवीच्या वाटेने एक बारीक नळी किडनीपर्यंत सरकवतात (तिच्यातून नंतर रंगीत औषध सोडून किडनीतले कप्पे एक्सरेवर बघतात), आणि मग पाय खाली घेऊन अख्खा माणूस पालथा करायचा. तेव्हा माझा एक हात डोक्याखाली, दुसऱ्या हाताने श्वासाची नळी धरलेली, तीन चार जण खांदा, कंबर, पाय धरून, तारा आणि सलाईन सोडवत, मी तीन म्हटलं की सगळे एकदम. नळी निसटण्याची सगळ्यात जास्त भीती याच क्षणाला असते, आणि ती निसटली आणि माणूस पालथा असला तर परत घालणं फार अवघड, म्हणून आमच्याकडे ट्रॉली दाराबाहेरच उभी ठेवतात, वेळ आलीच तर लगेच उलटं करता यावं म्हणून. उताण्यात हे काहीच नाही, तोंड माझ्यासमोर, नळी माझ्यासमोर.

बाबांसारखा पेशंट असेल, म्हणजे वजन आणि त्यात स्लीप अ‍ॅप्निया, तर मला विचाराल तर मी उताण्याच्या बाजूने आहे, पण हे मत भूलवाल्याचं आहे हे लक्षात ठेवा. आम्हाला उताणं सोयीचं जातं म्हणून सर्जनलाही जातंच असं नाही. आणि हो, रात्रीचं ते मशीन ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये बरोबर न्या, नळी काढल्यावर त्याची गरज लागते, लोक नेमकं तेच घरी ठेवून येतात.

आकडेमोड

सगळे उताण्याचं कौतुक करतायत म्हणून दुसरी बाजू टाकतो. पीसीएनएलवर जगभरातल्या ९६ सेंटरचा एक मोठा अभ्यास झाला होता, २६ देश, ५८०३ पेशंट, २०११ च्या आसपास छापून आला. त्यात साधारण ८० टक्के लोकांचं पालथं झोपवून केलेलं. खडा पूर्ण निघण्याचं प्रमाण पालथ्यात ७७ टक्के आणि उताण्यात ७० टक्के, वर उताण्याला सरासरी वेळही जास्त लागलेला. रक्त द्यावं लागण्याचं प्रमाण मात्र पालथ्यात थोडं जास्त, ६ विरुद्ध ४ टक्के. त्यामुळे फक्त भुलेची सोय बघून ठरवू नका, ऑपरेशन खडा काढायला करतोय ना आपण.

दुर्बीणवाला

युरोलॉजिस्ट आहे, दोन्ही प्रकारे करतो, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खातो.

@आकडेमोड आकडे बरोबर आहेत पण ते वाचायचे कसे ते बघा. त्यात कुणी चिठ्ठ्या टाकून पेशंट वाटलेले नव्हते. ज्या सेंटरला जी सवय, तिथे तसं झालं. उताणं करणाऱ्यांकडे कसले खडे होते, कसले पेशंट होते, हात किती बसलेला होता हे सगळं त्या ७ टक्क्यांत मिसळलेलं आहे. नंतर ज्या तुलना झाल्या, ज्यात पेशंट नीट वाटून दिलेले, त्यात खडा निघण्यातला फरक फारसा उरत नाही, आणि वेळ बऱ्याचदा उताण्याला कमी लागतो कारण वळवण्यात जाणारा वेळच वाचतो. युरोपियन युरोलॉजीच्या गाइडलाइन्स सरळ लिहितात की दोन्ही सारखेच सुरक्षित. म्हणजे दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत, शरयूताई.

पण सारखे म्हणजे एकच नव्हे. आत काय फरक पडतो ते सांगतो, जरा लांबेल.

पालथ्यात माझ्यासमोर अख्खी पाठ मोकळी असते. कुठूनही सुई घालता येते, दोन तीन भोकं लागली तरी जागा आहे, वरच्या कप्प्यात जायचं तर तेही जमतं. किडनी खालून टेकलेली असते त्यामुळे फार पळत नाही. दुर्बिणीची नळी वरून खाली उभी जाते म्हणून दुर्बिणीतून सोडलेलं पाणी आत भरलेलं राहतं, कप्पे फुगलेले राहतात, दिसतं छान. पण तेच पाणी आत साठून दाब वाढवतं, आणि खड्यात जंतू असतील तर दाबाने ते रक्तात जायची भीती, नंतरचा ताप थंडी बऱ्याचदा तिथूनच येतो. आणि फुटलेला प्रत्येक तुकडा चिमट्याने धरून वर उचलून आणायचा.

उताण्यात नळी आडवी असते, किंवा थोडी खाली उतरती. तुकडे पाण्याबरोबर आपसूक वाहून बाहेर येतात, तेही कधीकधी इतके भराभर की खाली लावलेल्या पिशवीत टपटप आवाज येतो. दाब कमी राहतो. पण पाणी सगळं बाहेर पळतं म्हणून आतले कप्पे चपटे होतात, दिसायला आणि फिरायला जागा कमी. किडनी जास्त हलते, वाट मोठी करायला गेलं की ती पुढे सरकते आणि नवशिक्याला वाटतं पोचलो, प्रत्यक्षात अजून बाहेरच. कुशीतून येणारी वाटही लांब, जाड माणसात तर आणखी लांब, कधीकधी नेहमीची नळी पुरत नाही, लांब मागवून ठेवावी लागते. वरच्या कप्प्यात सुई घालणं अवघड.

उताण्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. लघवीची वाट आणि कूस दोन्ही एकाच वेळी मोकळी असते. एक जण खालून वाकणारी दुर्बीण वर नेतो, दुसरा कुशीतून. सुई बरोबर कप्प्याच्या टोकातून आत आली की नाही ते खालचा माणूस आतून बघून सांगतो, आणि वरच्याला न दिसणाऱ्या कोपऱ्यातला तुकडा खालून ढकलून समोर आणून देतो. यासाठीची जी झोपवण्याची पद्धत आहे तिला स्पेनमधल्या गॅल्डाकाओ गावाचं नाव आहे, २००७ मध्ये छापून आली, खडा असेल त्या बाजूचा पाय सरळ आणि दुसरा पाय वाकवून बाहेर. बाबांचा खालच्या कप्प्यातला तो दुसरा खडा आहे ना, त्याच्यासाठी अशी जोडी उपयोगी पडू शकते.

निवांत

वाचतोय मजा येतीये. पण एक शंका, उताणं इतकं सोपं आहे तर सगळ्यांनी आधीपासून पालथंच का केलं?

दुर्बीणवाला

आतड्याच्या भीतीने. पहिलं असं ऑपरेशन १९७६ मध्ये स्वीडनमध्ये झालं, फर्नस्ट्रॉम आणि जोहान्सन यांनी केलं, पालथं झोपवून. त्याच्याही आधी १९५५ मध्ये गुडविनने तुंबलेल्या किडनीत पाठीकडून सुई घालून नळी ठेवली होती. मग तीच रीत पडली, सगळे तसंच शिकले. कुशीतून गेलं तर मोठ्या आतड्याला भोक पडेल असं वाटायचं.

गंमत अशी की सीटी स्कॅन करून बघितलं तर उलटंच निघालं. १९८७ च्या एका अभ्यासात मोठं आतडं किडनीच्या मागे आलेलं, उताण्या लोकांत साधारण २ टक्के आणि पालथ्यात १० टक्के. पालथं झालं की पोट दबून आतडं मागे सरकतं, उताणं असताना ते पुढे तरंगतं. म्हणून मी पालथं करणार असलो आणि पेशंट फार सडपातळ असला, किंवा आधी आतड्याचं ऑपरेशन झालेलं असलं, तर उताण्या सीटीवर आंधळा विश्वास ठेवत नाही. सुई घालण्याआधी सोनोग्राफीने वाटेत काय आहे ते बघून घेतो. आतड्याला खरंच इजा होण्याचं प्रमाण खूपच कमी आहे, घाबरू नका, पण सीटी केल्याशिवाय हे ऑपरेशन कुणी करत असेल तर तिथून उठा.

वाल्दिव्हिया नावाच्या स्पॅनिश सर्जननी ऐंशीच्या दशकात उताणं सुरू केलं, कुशीखाली तीन लिटरची सलाईनची पिशवी घालून. एवढंसं साहित्य. तरी जग वळायला वीस वर्षं गेली, कारण हात ज्या बाजूने बसलाय त्याच बाजूने चालतो, आणि खरं सांगू तर ते चूकही नाही.

खडेमास्तर

तीन लिटरची पिशवी हे आवडलं. मला एक सांगा, मग ते बाहेरून शॉक देऊन खडा फोडतात त्यातही असंच असतं का? माझ्या भावाला पालथं झोपवलं होतं आणि आम्ही समजलो की चुकून झालं.

दुर्बीणवाला

चुकून नाही. खडा किडनीत असेल तर साधारण उताणंच. पण खडा मूत्रवाहिनीत खाली कमरेच्या हाडासमोर अडकला असेल तर मागून येणारी शॉकची लाट हाडावर आपटून अडते, खड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पालथं करून पोटाकडून लाट सोडतात.

आकडेमोड

@दुर्बीणवाला मान्य, वाटप नसलेल्या अभ्यासातून तेवढा निष्कर्ष ओढता येत नाही. मग कुणाला पालथंच करायचं आणि कुणाला उताणंच असे काही ठोकताळे आहेत का, की सगळं मर्जीवर?

दुर्बीणवाला

ठोकताळे आहेत, पण कागदावरच्या नियमाइतके पक्के नाहीत. घोड्याच्या नालासारखी जोडलेली किडनी असेल तर मी पालथंच करतो, तिथे वरच्या कप्प्यातून जाणं सोपं पडतं. शाखा फुटलेला, सगळ्या कप्प्यांत हातपाय पसरलेला मोठा खडा असेल आणि दोन तीन भोकं लागणार असतील तरी माझा कल पालथ्याकडे, माझे काही सहकारी मात्र तोच खडा उताणं ठेवून खालून वरून जोडीने एकाच भोकात काढतात. हृदय कमकुवत, फुप्फुसं खराब, वजन खूप, मान किंवा कंबर आखडलेली, तिथे उताणं. पाठीचा कणा फार वाकडा असेल तर दोन्ही जमत नाही, मग कुशीवर झोपवून, तोही प्रकार आहे.

वरच्या कप्प्यासाठी बाराव्या बरगडीच्या वरून सुई घालावी लागली तर फुप्फुसाभोवतीच्या पडद्याला लागून आत पाणी किंवा हवा जायची शक्यता वाढते, हे दोन्ही प्रकारांत आहे. यावरून आठवलं, सुई घालताना भूलवाल्यांना श्वास जरा थांबवायला सांगतो आम्ही, आणि ते हमखास म्हणतात, किती वेळ?

भूलचूक

कारण तुमचं अर्धं मिनिट कधी संपतच नाही.

ओटी_सिस्टर

इतक्या मोठ्या लोकांत मी बोलते आता. सगळे खड्याचं बोलतायत, पेशंट उठल्यावर कशाची तक्रार करतो ते मी सांगते. हात बधिर झाला, खांदा धरला, कपाळावर लाल चट्टा. हे सगळं झोपवण्यातूनच येतं आणि टाळता येतं. पालथं असेल तर डोळे बंद करून चिकटपट्टी, चेहऱ्याखाली मधे पोकळ असलेली गादी, आणि मधून मधून खाली वाकून बघायचं की बुबुळावर दाब नाही ना, कारण त्याने नजर जाऊ शकते, फार क्वचित पण जाऊ शकते. हात डोक्याकडे वर घ्यायचे पण खांद्यापासून ९० अंशाच्या वर ताणायचे नाहीत, काखेतली नस ताणली जाते. कोपराखाली मऊ, गुडघ्याखाली मऊ, घोट्याखाली उशी म्हणजे बोटं टेबलावर टेकत नाहीत. बायकांच्या छातीची आणि पुरुषांच्या खालच्या अवयवांची जागा बघून घ्यायची, हे कुणी तोंडाने बोलत नाही पण बघावंच लागतं.

उताण्यातही आहेच की. वाकवलेल्या पायाला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या खाली एक नस असते, ती पायाच्या दांड्यावर दाबली गेली तर पेशंटला नंतर पाऊल वर उचलता येत नाही. तिथे मी स्वतः हात घालून बघते, चादरीची घडी पण राहू देत नाही. आणि खडा असलेल्या बाजूचा हात छातीवरून पलीकडे नेऊन बांधतात, तो फार आवळायचा नाही.

शरयूताई, बाबांना आधीपासून खांदा दुखत असेल, गुडघा बदलला असेल, मान पूर्ण वळत नसेल, तर ते भूल देण्याआधी सांगा. भूल दिल्यावर माणूस मऊ पडतो, हात कुठेही वळतो, दुखतंय असं सांगणारं कुणी नसतं. आम्हाला फाइलमध्ये बीपी शुगर सगळं सापडतं, खांद्याचं कुणी लिहीत नाही.

शरयू_क

अरे बापरे, सगळ्यांचे किती आभार मानू. ओटी_सिस्टर, बाबांचा डावा खांदा खरंच आखडलेला आहे, हात कानापर्यंत पण जात नाही, आणि हे आम्ही दोन्ही डॉक्टरांना सांगितलेलं नाही, सुचलंच नाही हो, किडनीच्या डॉक्टरला खांदा कशाला सांगायचा!

आईला भूलचूक यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. गुदमरण्याची भीती गेली, आता ती ट्रॉली दाराबाहेर का उभी असते यावर अडकलीये 🙈

@दुर्बीणवाला एकच शेवटचं. पहिले डॉक्टर आमच्या ओळखीचे आहेत, त्यांचा हात चांगला आहे असं सगळे सांगतात, पण ते फक्त पालथंच करतात. बाबांसाठी म्हणून त्यांना उताणं करा असा आग्रह धरावा का?

दुर्बीणवाला

मुळीच नको. ज्याने आयुष्यभर पालथं केलं त्याला तुमच्या बाबांवर उताणं शिकायला लावू नका. त्यांना आधी खांदा आणि रात्रीचं मशीन दोन्ही सांगा, आणि विचारा की हे असताना तुम्ही पालथं घालाल का, आणि त्यांच्या भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाही, तारीख ठरवायच्या आधी बाबांना बघू द्या. कदाचित ते म्हणतील की हात अंगालगत ठेवून करू, तसंही करतात. कदाचित स्वतःच म्हणतील की दुसरीकडे जा, चांगला सर्जन असेल तर हे म्हणायला लाजत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना विचारा की उताणं किती वर्षं करताय, खालून दुसरी दुर्बीण घालणारा माणूस आणि दुर्बीण दोन्ही आहे का, आणि बाबांच्या पोटाच्या जाडीला पुरेल अशी लांब नळी ठेवलीये का. सीटीवर कातडीपासून खड्यापर्यंतचं अंतर मोजता येतं, ते मोजलंय का हेही विचारा. आणि लघवीचं कल्चर झालंय का? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये.

शरयू_क

कल्चर दिलंय, रिपोर्ट परवा येणार.

दुर्बीणवाला

मग तो येईपर्यंत तारीख घेऊ नका. जंतू निघाले तर आधी औषधाचा कोर्स, मग पालथं की उताणं ते बघू.